दोघांना निवांत बसता येईल असे घराजवळचे हॉटेल

दादर पश्चिमेहून एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र थोडक्यात असे:

“आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. घरात सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. महिन्यातून एक संध्याकाळ फक्त आम्हा दोघांची ठेवायची, असे आम्ही यंदा ठरवले. पहिल्या खेपेला नवऱ्याने लोअर परळच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवले होते. तिथे गाणी इतक्या मोठ्याने लागली होती की आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, आणि घरी पोहोचेपर्यंत दोघेही दमून गेलो. दुसऱ्या खेपेला घराजवळच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो, तर पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि वीस मिनिटांत जेवून बाहेर पडलो. नवरा मूळचा मालवणचा, त्याला मासे हवेत. मी शाकाहारी आहे. शिवाय घराजवळ ओळखीची माणसे भेटतात, आणि मुलाला घरी ठेवून आपण जेवायला जातो याची टोचणी मनाला लागते ती वेगळीच. साधे, परवडणारे आणि निवांत बसता येईल असे ठिकाण निवडावे तरी कसे?”

प्रिय भगिनी,

दोन्ही खेपांना विरस का झाला हे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की अर्धे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पहिल्या ठिकाणी बसायला भरपूर वेळ होता, पण बोलता येत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी बोलता आले असते, पण बसू दिले गेले नाही. तुम्हाला चांगले जेवण हवे आहे आणि मनसोक्त गप्पाही हव्या आहेत, आणि या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली मिळायला हव्यात असे तुम्ही दोघांनी न बोलता गृहीत धरले आहे. म्हणून हॉटेलांची नावे काढण्याआधी त्या संध्याकाळच्या गप्पा कुठे होणार आहेत हे ठरवा. ते एकदा ठरले की हॉटेलाची निवड पुष्कळ सोपी होते.

ज्या हॉटेलात पदार्थ उत्तम आणि दर माफक असतात, त्याचे सारे गणित बहुधा टेबल किती लवकर रिकामे होते यावर बसलेले असते. दादरसारख्या भागात जागा महाग, पदार्थांची किंमत मात्र शिक्षकाला आणि बँकेतल्या कारकुनाला परवडेल एवढीच ठेवायची, मग एकेका टेबलावर संध्याकाळभरात चार-पाच पंगती उठल्याशिवाय मालकाचा खर्च निघणार कसा? ‘आस्वाद’मधली मिसळ किंवा ‘प्रकाश’मधला साबुदाणा वडा आणि पियूष यांच्यासाठी लोक दारात नंबर लावून उभे राहतात ते चवीसाठी. तिथे टेबल अडवून दीड तास बसणे हे बाहेर ताटकळणाऱ्यांवर अन्याय करण्यासारखे आहे, आणि आपल्यालाही ते आतून जाणवत असते, त्यामुळे घास घशाखाली नीट उतरत नाही. हॉटेल चांगले आहे याचा अर्थ ते तुमच्या या विशिष्ट संध्याकाळसाठी चांगले आहे, असा होत नाही.

हे मला स्वतःला फार उशिरा उमगले. लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही दादरमध्येच एका लहानशा घरात सहा माणसे राहत होतो, आणि दोघांनी बोलायचे म्हणजे बाहेर पडणे भागच असे. एकदा महिन्याभराचे मनात साठलेले बोलायचे म्हणून एका गजबजलेल्या हॉटेलात गेलो. मी एक अवघड विषय नुकताच काढला होता, तोच माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात येऊन टेकला. पाठीमागे पाच जणांचे कुटुंब आमचे टेबल रिकामे होण्याची वाट पाहत उभे होते, आणि वेटरने माझ्या ताटातला भात संपण्याआधीच बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवले होते. मी रागावून उठले. पण तिथून चालत आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि रात्री साडेदहापर्यंत बोललो. त्या दिवसापासून आमची संध्याकाळ दोन भागांची झाली: आधी भराभर पोटपूजा, मग सावकाश कट्टा. पुढे कितीतरी वर्षे ती तशीच राहिली, आणि हॉटेलावरचा माझा रागही गेला, कारण हॉटेलाकडून नको ती अपेक्षा मी करेनाशी झाले.

तुम्ही दादर पश्चिमेला राहता, म्हणजे ही सोय तुमच्या दाराशी आहे. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवती कट्टा सलग फिरलेला आहे, आणि २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवल्यामुळे सभासमारंभांचे ठरावीक दिवस सोडले तर तिथे कानठळ्या बसत नाहीत. कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून समोर पाहत बोलता येते, आणि अवघड गोष्टी समोरासमोर नजर भिडवून बोलण्यापेक्षा अशा बोलणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. ज्या दिवशी मासे नकोत असे दोघांचे ठरेल, त्या दिवशी एका स्थानकावरच्या माटुंग्याला जा. तिथे १९४२ पासून चालत आलेले रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४० पासूनचे कॅफे मद्रास आहे. तिथे जेवून फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखालून फेरी मारली तर दोघांची संध्याकाळ फार थोड्या पैशांत साजरी होते. पावसाळ्यात मात्र या दोन्ही योजना कोलमडतात, आणि चार महिने घरी बसा असे मी तुम्हाला सांगणार नाही. तेव्हा बसता येईल असे हॉटेलही हाताशी हवेच.

पूर्वी इराण्याकडे दोन चहा आणि खारी घेऊन संगमरवरी टेबलावर तासभर बसले तरी कोणी उठवत नसे. ती हॉटेले आता थोडी उरली आहेत, आणि तीही मुख्यतः चहा-नाश्त्याची. रात्रीच्या जेवणासाठी तुम्हाला मधल्या दर्जाचे, वीस-पंचवीस टेबलांचे, वर एखादा शांत माळा किंवा वेगळी एसी खोली असलेले हॉटेल शोधावे लागेल. एसी खोलीचे मेनूकार्ड अनेकदा वेगळे असते आणि त्याच पदार्थाला थोडे जास्त पैसे पडतात. पण तुमच्या बाबतीत ते जास्तीचे पैसे म्हणजे बसण्याचे भाडे आहे असे समजा, आणि ते आनंदाने द्या.

हॉटेल पाहायला मात्र आधी एकदा जाऊन या, आणि ज्या वारी, ज्या वेळी तुम्ही दोघे जाणार आहात त्याच वारी त्याच वेळी जा. पार्सल घेण्याच्या निमित्ताने गल्ल्यापाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी इंटरनेटवरच्या शंभर अभिप्रायांपेक्षा जास्त कळते, कारण ते अभिप्राय चवीबद्दल आणि वाट पाहाव्या लागण्याबद्दल लिहिलेले असतात. जेवण झाल्यावर बसू देतात का, हे त्यांत क्वचितच सापडते. जेवून झालेल्या टेबलावर वेटर किती वेळाने जातो ते पाहा. घरपोच डिलिव्हरीवाली मुले दारात गर्दी करून ऑर्डर नंबर ओरडत असतील, तर तो गोंगाट साडेनऊपर्यंत चालू राहणार हे धरून चाला. फरशी, ग्रॅनाइट, काच आणि आरसे अशी सगळीकडे गुळगुळीत सजावट असली की भांड्यांचा आणि माणसांचा आवाज आपटून परत येतो. लाकूड, पडदे आणि कमी उंचीचे आडोसे असले की तोच आवाज विरतो. भिंतीवर टीव्ही असेल आणि क्रिकेटचा मोसम असेल, तर त्या हॉटेलाला दोन महिने विश्रांती द्या.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सरळ विचारणे: “आम्हा दोघांना जेवून तास-दीड तास बसायचे आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता यावे?” आपल्याकडे असे विचारण्याचा संकोच फार, पण चांगला हॉटेलवाला या प्रश्नाने सुखावतो, कारण मोकळ्या वेळी गिऱ्हाईक येणार असेल तर ते त्यालाही हवेच असते. तो वार आणि वेळ सांगेल, कदाचित कोपऱ्यातले एखादे टेबलही दाखवेल. “या की कधीही” एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे हॉटेल पाहावे. टेबल निवडताना हात धुण्याच्या बेसिनजवळचे, भटारखान्याच्या दारालगतचे आणि थेट एसीच्या झोताखालचे टाळा. बाकी कुठलेही चालेल.

वाराचा विचार आपल्या भागात विशेष करावा लागतो, आणि तो तुमच्या मासे-शाकाहाराच्या प्रश्नाशीही जोडलेला आहे. दादर-प्रभादेवीच्या पट्ट्यात ‘सिंधुदुर्ग’, ‘गोमांतक’, ‘चैतन्य’ अशी मालवणी आणि गोमंतकीय चवीची नावाजलेली ठिकाणे आहेत. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मराठी माणूस मासे खायला बाहेर पडतो, तेव्हा माशांच्या कुठल्याही चांगल्या हॉटेलात निवांतपणाची अपेक्षा करू नये. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे अनेक घरांत सामिष वर्ज्य असलेले दिवस; त्या दिवशी हीच मंडळी शाकाहारी हॉटेलांकडे वळतात. तुमचे यजमान गुरुवार पाळत नसतील, तर गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला माशांच्या हॉटेलात जाण्याइतकी चांगली वेळ नाही. मंगळवारी सिद्धिविनायकामुळे प्रभादेवीच्या बाजूला जाणे नको. संकष्टीला उपवास सोडणाऱ्यांची आणि साबुदाण्याच्या पदार्थांची गर्दी शाकाहारी हॉटेलांत असते. शनिवार-रविवारी शिवाजी मंदिरात नाटकाचे प्रयोग असतात, तेव्हा प्रयोगाच्या आधीचा आणि प्रयोग सुटल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास प्लाझाच्या आसपास टेबल मिळणे कठीण जाते.

माशांच्या हॉटेलात तुमचे काय, हा खरा नाजूक प्रश्न आहे, आणि इथे मी तुमची बाजू थोडी जास्त धरणार आहे. महिन्याच्या एकाच संध्याकाळी एकाने सुरमईवर ताव मारावा आणि दुसऱ्याने मेनूकार्डाच्या तळाशी लिहिलेल्या पनीरच्या भाजीवर समाधान मानावे, हे बरोबर नाही. पण मालवणी स्वयंपाकघर शाकाहाराच्या बाबतीत गरीब मुळीच नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, आंबोळ्या, घावन, उन्हाळ्यात ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, वर सोलकढी, हे सगळे त्याच मातीतले आहे. म्हणून हॉटेल पारखताना शाकाहारी थाळीत काय काय आहे हे आधी विचारा. तिथे काळा वाटाणा असेल तर त्या घरात शाकाहारी माणसाचा विचार झालेला आहे. नुसती डाळ, मिक्स व्हेज आणि पापड असेल तर झालेला नाही. वडे कोणत्या तेलात तळले जातात आणि आंबोळीचा तवा वेगळा आहे का, हेही न संकोचता विचारा. तुम्हाला त्याने फरक पडत असेल तर नंतर मनात कुढण्यापेक्षा आधी विचारलेले बरे, आणि समोरच्या ताटातल्या माशाच्या वासाचा तुम्हाला त्रास होत असेल तर तेही यजमानांना एकदा स्पष्ट सांगून टाका. तसे असेल तर एक महिना मासे आणि एक महिना शाकाहारी अशी वाटणी करा, म्हणजे कुरकुरीला जागा उरणार नाही.

यजमानांसाठी एक सूचना. राज्यात दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत दर वाढलेले असतात, आणि ताटात येणारा पापलेट बऱ्याचदा शीतगृहातला किंवा बाहेरच्या राज्यातून आलेला असतो. तेव्हा “आज ताजे काय आहे?” असे विचारून खाडीचे मासे, नाही तर सुकट, सुके बोंबील असे काही मागवावे, किंवा हे दोन महिने सरळ तुमच्या आवडीच्या शाकाहारी हॉटेलाला द्यावेत. श्रावणात मासे पुन्हा मिळू लागतात, पण खाणारे कमी असतात. जे श्रावण पाळत नाहीत त्यांना वर्षातला सर्वांत शांत महिना तोच.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. घरातून निघण्याआधी साधारण किती खर्च करायचा ते ठरवा, म्हणजे टेबलावर मेनूकार्डाच्या उजव्या बाजूवर नजर खिळून राहणार नाही. बहुतेक अशा हॉटेलांत जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. सेवा शुल्क मात्र वेगळी गोष्ट आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ते बिलात परस्पर लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते नियम कायम ठेवले. बिलात ते दिसले तर काढून टाकायला शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तुमच्या भागातल्या साध्या हॉटेलांत सहसा ही वेळ येत नाही. तिथे वेटरने तुम्हाला दीड तास निर्धास्त बसू दिले असेल, तर त्याच्या हातात चांगली टीप ठेवा. त्या दीड तासात त्या टेबलावर आणखी एक पंगत बसली असती आणि त्याला आणखी एक टीप मिळाली असती, हे लक्षात असू द्या.

ओळखीच्या माणसांची चिंता मला समजते. वाडीतल्या काकू शेजारच्या टेबलावर आल्या तर उठून, जवळ जाऊन, दोन मिनिटे बोलून आपल्या जागेवर परत यावे. आपण बसल्या जागेवरून बोलू लागलो की ते बोलणे अर्धा तास चालते. उठून गेलो की तिथेच संपते. दाराकडे पाठ करून बसलात तर निम्म्या ओळखी टळतात. फोनचे म्हणाल तर सासूबाईंसाठी एकाचा चालू ठेवा, दुसऱ्याचा घरीच राहू द्या.

मोठ्या रेस्टॉरंटच्या निवडीसाठी यजमानांना मात्र दोष देऊ नका. तुमच्यासाठी काहीतरी विशेष करावे या इच्छेने त्यांनी ते टेबल राखून ठेवले होते, आणि ती इच्छा मोलाची आहे. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या आवडीच्या मोठ्या ठिकाणी नटूनथटून जा. महिन्याच्या संध्याकाळला मात्र नटण्याची गरज पडू नये; पायात चप्पल घालून, कामावरून आल्यावर तोंड धुऊन निघता आले पाहिजे. ते ठिकाण घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असावे, कारण टॅक्सी आणि वाहतूक यांत गेलेला तास तुमच्या गप्पांतूनच वजा होतो. आणि एकदा चांगले सापडले की दर महिन्याला नवे शोधत बसू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वेटर न विचारता सोलकढी आणतो, काय मागवायचे यावर वीस मिनिटे जात नाहीत, आणि आल्या आल्या बोलणे सुरू होते.

राहिली मुलाची टोचणी. सासूबाईंना सगळे आधी स्पष्ट सांगा: कोणता वार, किती वाजता परत येणार, मुलाचे जेवण कोण देणार. कार्यालयाचे काम निघाले असे खोटे सांगून जाऊ नका; सहा वर्षांच्या मुलाला ते बरोबर कळते. परतताना त्या दोघांसाठी काही आणावेसे वाटले तर जरूर आणा, पण चुकीची भरपाई म्हणून नको, कारण चूक काही झालेली नाही. आणि ज्या गर्दीच्या हॉटेलातून तुम्ही वीस मिनिटांत उठून आलात, तिथे एखाद्या रविवारी सकाळी मुलाला आणि सासूबाईंना घेऊन जा. सहा वर्षांच्या मुलाला तसेही वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही, पदार्थ लगेच पुढ्यात येतात, चार जण असल्यामुळे कोणी अनोळखी माणूस टेबलावर येऊन बसत नाही, आणि रांगेत उभे असताना आजी-नातवाला वडा घ्यायचा की थालीपीठ यावर हुज्जत घालायला भरपूर वेळ मिळतो.